तीस हात रुंदीची कमान

सन एकोणीसशे वीस सालच्या माघ महिन्यात जुन्नरच्या कचेरीत पुण्याहून एक तार आली, आणि दिवस मावळायच्या आत तिचा मजकूर साऱ्या पेठांतून असा पसरला की, न्हाव्याच्या पाटापासून मशिदीच्या पायरीपर्यंत लोकांस दुसरे काही सुचेना. मजकूर अगदी थोडका होता. येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता विमान जुन्नरास उतरेल. मैदान तयार ठेवावे.

कचेरीचा शिपाई ही वर्दी घेऊन कागदी मोहल्ल्यात धावत गेला, तेव्हा जलाल कागदी हौदाच्या कडेला उकिडवा बसून लगद्यात साचा बुडवीत होता. हा जलाल म्हणजे बेचाळीस वर्षांचा, किडकिडीत बांध्याचा, चुन्याच्या पाण्याने बोटे कायमची पांढरी पडलेला कारागीर. वर्दी कानी पडताच त्याच्या हातातील साचा तिरपा झाला, नुकता धरलेला कागदाचा ताव घसरून पुन्हा हौदात विरघळला, आणि ओल्या हातांनीच शिपायाचे दोन्ही खांदे धरून तो म्हणाला,

"मंगळवारी? हाच मंगळवार? नीट वाचलंस ना?"

"मी कुठं वाचतोय भाऊ? मामलेदार रावसाहेबांनी वाचलं, मी ऐकलं. आता माझा सदरा सोड, पार भिजवलास."

गलबला ऐकून जलालची बायको अमिरुन्निसा दारात आली. नवऱ्याचा अवतार पाहून ती म्हणाली, "आधी साचा खाली ठेवा, मग नाचा. एवढी खुशी तर आपल्या निकाहच्या दिवशीसुद्धा तुमच्या तोंडावर नव्हती."

"त्या दिवशी काय आभाळातून कोणी उतरणार होतं?"

"मग मी काय जमिनीतून उगवले होते?"

शिपाई पोट धरून हसला, आणि जलालने लाजून साचा खाली ठेवला.

त्यास एवढा हर्ष का व्हावा, हे समजण्यास दोन महिने मागे गेले पाहिजे. मार्गशीर्षात सरकारचा एक मोजणीदार साहेब घोड्यावरून या मुलखात आला होता. विमानास वाटेत काही अडचण पडली तर उतरण्यास जागा असावी, म्हणून पुण्याच्या उत्तरेस एक मैदान मुक्रर करावयाचे होते. हल्ली ज्यास विमानतळ म्हणतात, त्यास त्या काळी आमच्याकडे नाव नव्हते. कोणी त्यास विमानाचा माळ म्हणे, कोणी साहेबाचे खळे म्हणे. साहेबाच्या नकाशावर शिसपेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केलेल्या होत्या. एक खूण आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुकच्या शिवारात होती, आणि दुसरी जुन्नरच्या उगवतीस, नारायणगावच्या रस्त्यालगतच्या गायरानावर. अवसरीची जमीन तळहातासारखी सपाट होती, म्हणून साहेबाचे मन तिकडे ओढत होते. जुन्नरास येऊन त्याने गावच्या प्रतिष्ठित मंडळींस एकच प्रश्न केला, की येथे वारा कसा वाहतो?

आता वारा कसा वाहतो, हे कोणी कधी मनावर घेतले होते? एकाने सांगितले की चोहीकडून वाहतो. दुसऱ्याने सांगितले की ईश्वराच्या इच्छेने वाहतो. कचेरीत कागदाचे गठ्ठे पोहोचविण्यास आलेला जलाल तेव्हा दाराशी उभा होता. त्यास राहवले नाही. त्याने सलाम करून हिंदुस्थानीत सांगितले, की या दिवसांत सकाळचा वारा उगवतीकडून मंद येतो. दोनच्या पुढे तो फिरतो आणि नाणेघाटाच्या अंगाने मावळतीकडून लागतो, तो दिवेलागणीपर्यंत हलत नाही.

"तुला कसे ठाऊक?" साहेबाने विचारले.

"हुजूर, आम्ही ओले ताव घरातल्या भिंतींना चिकटवून वाळवतो. दोनच्या आत मावळतीच्या खिडक्या लावल्या नाहीत, तर निम्मे ताव सुटून जमिनीवर येतात. माझ्या आज्यानं ही वेळ धरली, बापानं धरली, मी धरतो."

साहेब तीन दिवस जुन्नरास राहिला. रोज दुपारी गायरानात काठीला रेशमी फडके बांधून घड्याळ हातात धरून तो उभा राही. तिन्ही दिवस दोनला पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे फडके फिरले आणि मावळतीच्या वाऱ्यावर ताठ झाले. चौथ्या दिवशी निघताना त्याने निर्णय सांगितला. पहिली परीक्षा जुन्नरची. विमान येथे सुखरूप उतरले, तर नकाशावर जुन्नरची खूण शाईने पक्की होईल. उतरता आले नाही, तर चालक तसाच अवसरीस जाईल, आणि जुन्नरची खूण पुसली जाईल. मग जलालकडे बोट करून तो म्हणाला, "मैदान तुम्हारे जिम्मे."

हे तीन शब्द जलालने काळजात ठेवले. जुन्नरास आगगाडी कधी आली नाही. पुण्याहून निघालेले रूळ दुसऱ्याच वाटांनी गेले, आणि जेथे रूळ गेले तेथे व्यापार गेला. जलालच्या बापाने आपल्या हातचा सर्वांत सफाईदार ताव रेल्वेच्या अर्जासाठी दिला होता. त्यावर साऱ्या पेठेने सह्या केल्या होत्या, आणि त्याचे उत्तर बाप मरेपर्यंत आले नव्हते. जमिनीवरून आपल्या गावी कोणी आले नाही. आता आकाशातून कोणी येऊ पाहत होते, आणि त्याची वाट झाडून ठेवणे जलालच्या हाती आले होते.

साहेबाने त्यास तीन गोष्टी बजावल्या होत्या. मैदानाच्या मध्यावर चुन्याचे मोठे वर्तुळ काढावे. त्याशेजारी हातोड्याच्या आकाराची पांढरी खूण अंथरावी. तिचे डोके वारा येतो त्या बाजूस असावे, म्हणजे चालकाने दांड्याकडून डोक्याकडे उतरावे. आणि मैदानात गुडघ्याहून उंच असे काहीही नसावे.

तार आल्यापासून गाव कामाला भिडले. शेजारच्या वाडीचे पाटील चिमाजी यांनी आपला दगडी रूळ आणि वीस गडी दिले. खळे चोपावे तसे ते गायरान चोपले गेले. दगडगोटे वेचले, बोरीची झुडपे मुळासकट उपटली. जलालने चुन्यात तांदळाची खळ घातली, कारण नुसता चुना मावळतीच्या वाऱ्यात उडून जाईल हे तो जाणून होता. हातोड्याच्या खुणेसाठी साहेबाने कापड सांगितले होते, पण जलालने कागदच घेतला. पाच-पाच ताव एकावर एक चिकटवून, गुळगुळीत दगडाने घोटून त्याने असे कडक पांढरेशुभ्र पत्रे केले की, अमिरुन्निसा म्हणाली, "यांच्यावर माणूस झोपला तरी घडी पडायची नाही." ते पत्रे जोडून पंधरा हातांचा हातोडा तयार झाला.

इतके सारे यथास्थित चालले असता शनिवारी सकाळी गुलाबचंद शेठ गायरानात आले. हे पेठेतील कापडाचे मोठे व्यापारी, स्वभावाने अतिशय उदार, आणि गावात कोणाचेही स्वागत असो, त्याचा पुढाकार त्यांच्याकडेच असे. त्यांनी वर्तुळ पाहिले, हातोडा पाहिला, मान डोलावली आणि विचारले,

"सगळं झालं जलालभाई, पण कमान कुठं?"

"कसली कमान, शेठ?"

"कसली म्हणजे? पुण्याचा पाहुणा येतो आणि आपण त्याला कमानीशिवाय गावात घ्यायचा? मागं मामलेदाराच्या जावयाला कमान केली होती. हा तर स्वर्गातून येतोय!"

जलालने गुडघ्याहून उंच काही नसावे ही आज्ञा सांगितली. शेठ विचारात पडले. मग त्यांनी कचेरीच्या कारकुनाकडून साहेबाचा कागद मागवून आणविला आणि तो दोनदा वाचून घेतला. आज्ञा 'मैदानात' अशी होती. मैदानाची हद्द चुन्याच्या रेघेने आखलेली होती. तेव्हा रेघेबाहेर दहा पावलांवर कमान केली तर आज्ञेचा भंग कसा होईल? आणि पुण्याचा पाहुणा नेहमी उगवतीच्या रस्त्याने येतो, तेव्हा कमानही उगवतीसच हवी. विमान रस्त्याच्या अंगाने खाली येईल, चाकांवर धावू लागेल, आणि मोटार यावी तसे कमानीखालून मैदानात प्रवेश करील.

जलाल क्षणभर घुटमळला. परंतु त्यास हे पटले. उलट त्याच्याही अंगात उत्साह संचारला. त्याने विचारले, "पण पंख? पंख अडकले म्हणजे?"

"ते माप आपण काढू," शेठ म्हणाले.

कारकुनाने कचेरीतील कागदांतून शोधून सांगितले, की पंखांची रुंदी चोवीस हात. जलालने स्वतः दोरीने मोजून कमान तीस हात रुंद ठरविली, म्हणजे दोन्ही बाजूंस तीन-तीन हात मोकळे राहतील. उंची बारा हात धरली. सागाच्या वाशांचे दोन मनोरे उभे राहिले, त्यांवर जाड बांबूंची ओळ चढली, चहूबाजूंनी सुंभाचे तणावे बसले. केळीचे खांब, आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा लागल्या. जलालने मोहल्ल्यातील सर्व घरांकडून निळे-तांबडे कागद रंगवून घेतले आणि त्यांची फुले केली. कमानीच्या मध्यभागी आठ हात लांबीचा एक अखंड कागद लावला, त्यावर सुबक अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिले होते. एवढा लांब ताव जुन्नरात पूर्वी कोणी काढला नव्हता. सोमवारी संध्याकाळी ती कमान पूर्ण झाली, तेव्हा ती पाहून म्हातारी माणसे गहिवरली.

मंगळवारी सकाळपासून रस्ते माणसांनी वाहू लागले. ओतूर, आळे, नारायणगाव, मंचर, जिकडून तिकडून बैलगाड्या येत होत्या. रेवड्यावाले, गोडीशेववाले, बांगड्यावाले यांनी जागा धरल्या. कमानीच्या बाजूस कनात ठोकून तिच्यात मामलेदार रावसाहेबांची खुर्ची मांडली होती. अवसरी बुद्रुकहूनही एक गाडी आली. तीत सोमाजी नावाचा धिप्पाड शेतकरी होता. अवसरीच्या मैदानाची व्यवस्था त्याच्याकडे होती, आणि तेथील वर्तुळही चुन्याने पांढरे करून तो आला होता. त्याने आपली गाडी कमानीच्या अलीकडे उभी केली, पण बैल जुवालाच ठेवले, कारण लगेच परत फिरावयाचे होते.

"राम राम कागदीभाऊ," तो मिशीत हसत म्हणाला. "आमी बघाया आलोय. तुमच्याकडं न्हाई जमलं तर पावण्याला आमच्याकडची वाट दाखवाया कुनीतरी पायजे न्हवं?"

"पाव्हणा इथंच चहा घेईल, सोमाजीभाऊ. तुमी मात्र उपाशी जाऊ नका, रेवड्या घ्या."

"रेवड्या लई ग्वाड हाईत. तोंड कडू झाल्यावर खाईन."

आजूबाजूचे लोक हसले. दोन वाजून गेले. जलालने बोट ओले करून वर धरले. मावळतीकडून गार वाटले. त्याने आनंदाने डोळे मिटले. वारा दिल्या शब्दास जागला होता.

तीन वाजावयास थोडा अवकाश असता आग्नेयेकडून भुंग्याच्या गुंजारवासारखा आवाज आला. प्रथम कोणास काही दिसेना. मग एक ठिपका, मग घारीएवढे काहीतरी, आणि मग दोन मजली पंखांचे ते यंत्र उन्हात चमकत गावावरून गेले. हजारो कंठांतून एकच आरोळी उठली. कोणी हात जोडले, कोणी पागोटी उडविली, कोणी उगीचच शेजाऱ्याच्या पाठीत धपाटे घातले. जलालच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले, आणि ते पुसण्याचेही त्यास भान राहिले नाही.

विमान वळले, उगवतीस लांब गेले आणि मैदानाच्या रोखाने खाली खाली येऊ लागले. परंतु कमान दोन शेते दूर राहिली असता ते एकदम गर्जले, वर उसळले आणि लोकांच्या डोक्यावरून निघून गेले. त्या गर्जनेने सोमाजीचे बैल बिथरले आणि रिकामी गाडी घेऊन दहा-बारा पावले धावले. सोमाजीने त्यांस कसेबसे आवरले.

"नमस्कार केला! पाहिलंत? पाहुण्यानं नमस्कार केला!" गुलाबचंद शेठ ओरडले, आणि सर्वांनी टाळ्या पिटल्या.

विमान पुन्हा आले. पुन्हा तसेच खाली उतरले, आणि पुन्हा तसेच गर्जून वर गेले. या खेपेस पाठीमागच्या खुर्चीत बसलेला माणूस स्पष्ट दिसला. तो तोच मोजणीदार साहेब होता. तो एक हात बाजूस जोरजोराने हलवीत होता, जणू काही झाडून टाकावयाचे आहे. लोकांनीही आनंदाने हात हलविले.

जलालने मात्र हात हलविला नाही. ताव सरळ आहे की नाही हे एका नजरेत पारखणारा त्याचा डोळा विमानाच्या चाकांवर खिळला होता. ते यंत्र मोटारीसारखे रस्त्यावर येत नव्हते. घार जशी तिरपी उतरते तसे ते उतरत होते. त्या तिरप्या रेषेचा शेवट त्याने मनाने मैदानापर्यंत नेला. चाके हद्दीशी टेकावयाची तर रेघेबाहेर दहा पावलांवर ती जमिनीपासून चार हातही वर नसतील. तेथे बारा हातांची कमान उभी होती. कमानीवरून यावे, तर चाके वर्तुळाच्या पलीकडे टेकतील, आणि मावळतीस मैदानाच्या टोकाला खोल ओढा होता. रुंदी मोजली, पंख मोजले, बाजूचे तीन-तीन हात मोजले. पण पाहुणा वरून येतो हे कोणीच मोजले नाही!

तो हातोड्याच्या खुणेकडे धावत सुटला. ती उलटी फिरवावी, म्हणजे विमान मावळतीकडून उतरेल आणि कमान सुटेल, असे त्यास वाटले. त्याने पत्र्याची कड उचलली मात्र, वाऱ्याने ती त्याच्या हातातून हिसकली. तो थबकला. हाच वारा पाठीशी घेऊन ते यंत्र उतरले, तर कमानीवर जाऊन आदळेल तेव्हाच थांबेल. त्याने कड खाली दाबून त्यावर धोंडा ठेवला आणि तसाच माघारी कमानीकडे धावला.

"तोडा! कमान पाडा!"

गुलाबचंद शेठ आडवे आले. "वेड लागलं का तुला? पाहुणा दारात, आणि तू तोरण उतरवतोस? याहून मोठा अपशकुन आहे का?"

"शेठ, पाहुणा दारात नाही, पाहुणा दारावर आपटणार आहे! ती तिरपी वाट बघा त्याची!"

"अरे, तो नमस्कार करतोय!"

"दोनदा कोण करतो? तो बाजूला व्हा म्हणतोय!"

तेवढ्यात गर्दीतून हाय हाय असा सूर उठला. विमान दक्षिणेकडे वळले होते आणि सरळ चालले होते. दक्षिणेस मंचर, आणि मंचराजवळ अवसरी.

"चाललं राव," सोमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा होती, पण हर्षही लपत नव्हता. "आमच्याकडंच चाललं."

जलालने कमरेची कागद कापावयाची सुरी उपसली आणि पहिला तणावा कापला. मग दुसरा. सुंभ पिळलेले होते, सुरी लहान होती. तो दातओठ खात घासत होता, आणि शेठ त्याचा दंड धरून ओढत होते. तिसरा तणावा सुटला तेव्हा डावीकडचा मनोरा करकरला, पण पडला नाही. सागाचे वासे दोन हात जमिनीत पुरलेले होते, आणि ते खोल पुरा असे गड्यांस सांगणारा जलालच होता.

"सोमाजीभाऊ, बैल द्या!"

"आता कशाला? पावणा तर गेला. आन मी माझ्या बैलांनी माझ्याच गावाचं नुसकान करू?"

"तुमी अवसरीचे, मी जुन्नरचा. वर बसलेत ते दोघं कुणाचे? ते बघा!"

सोमाजीने वर पाहिले. विमान आकाशात रेंगाळले, एका पंखावर कलले, आणि सावकाश वळून पुन्हा उगवतीच्या वाटेस लागले.

"च्या मारी, वळतंय की!" सोमाजी ओरडला, आणि क्षणात त्याच्या चेहऱ्यावरील थट्टा निघून गेली. ते तिसऱ्यांदा येत होते आणि कमान अजून उभी होती. त्याने गाडीतील जाड दोराची सोल काढून एक टोक जलालच्या अंगावर फेकले आणि दुसरे गाडीच्या दांडीला आवळले. जलालने हात पोहोचेल तेवढ्या उंचीवर डाव्या मनोऱ्याच्या वाशाला तिढा घातला.

"आता हाका!"

"हाकू कशाला? तुमी फकस्त बाजूला व्हा. त्यो आवाज आला की ही जोडी माझ्या बापाला ऐकायची न्हाई!"

रावसाहेब खुर्ची सोडून पळाले, कनातीतील मंडळी त्यांच्यामागे पळाली. भोंगा वाजावा तसा तो आवाज वाढू लागला. विमान आता समोरून, सरळ कमानीच्या तोंडावर येत होते. त्याचे तोंड, फिरणारे पाते, दोन मजली पंख, सारे काही डोळ्यांत मावेनासे झाले. शेठांनी वळून पाहिले. त्या क्षणी त्यांस ती तिरपी वाट दिसली असावी, कारण त्यांच्या तोंडचा रंग पालटला, त्यांनी जलालचा दंड सोडला आणि स्वतःच मनोऱ्यास खांदा लावून किंचाळले, "ओढा! अरे ओढा!"

बैलांनी शेपट्या वर केल्या आणि ते उधळले. सोल ताणली, मनोरा मुळापासून उपटला, त्याच्या ओढीने दुसराही कलंडला, तीस हातांचे बांबू कडाकडा मोडत खाली आले, आणि केळी, झेंडू, निळी-तांबडी फुले यांच्या ढिगाऱ्यात शेठ आणि जलाल एकमेकांच्या अंगावर पालथे पडले. त्यांच्या पाठीवरून वारा कापीत काहीतरी प्रचंड गेले. जलालने मान वर केली तेव्हा चाके मैदानाला टेकली होती. ती एकदा उसळली, पुन्हा टेकली, खळीच्या चुन्यावरून धावली, वर्तुळ ओलांडून मंद झाली, आणि ओढ्याच्या अलीकडे वीस-पंचवीस पावलांवर विमान उभे राहिले.

मग जी आरोळी उठली ती शिवनेरीच्या कड्यावर आदळून परत आली. लोक धावले. जलालही धावला, त्याच्या एका पायात जोडा होता, एका पायात नव्हता.

साहेब खाली उतरला तो लालबुंद होऊन. "किसने खड़ा किया वह?" त्याने विचारले. सारे गाव आकाशाकडे पाहू लागले. शेठांनी काही बोलण्यास तोंड उघडले, पण त्यांच्या आधी जलाल पुढे झाला.

"मी, हुजूर. माप माझं, कागद माझा. आपला हुकूम मैदानातल्या जागेचा होता, मी मैदानाबाहेरची जागा धरली. पाहुण्याला कमानीखालून आणायची आमची रीत आहे. पंख चोवीस हात, म्हणून कमान तीस हात ठेवली."

"कल्पना माझी होती," गुलाबचंद शेठ मागून म्हणाले. त्यांच्या पागोट्यात अजून झेंडू अडकलेला होता. "त्यानं पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं."

कारकुनाने हे सारे विमानचालकास इंग्रजीत समजावून सांगितले. पंखांचे माप घेऊन दरवाजा बांधला हे ऐकताच तो तरुण गोरा मनुष्य इतका हसला की, त्यास चाकाचा आधार घेऊन खाली बसावे लागले. साहेब हसला नाही. त्याने चालकास इंग्रजीत विचारले, की अवसरीकडे निघाला होतास, मग माघारी का फिरलास? चालकाने उत्तर दिले, ते कारकुनाने मोठ्याने सांगितले. वळताना त्याने खाली पाहिले, तेव्हा पांढऱ्या हातोड्याचे डोके अचूक वाऱ्याकडे होते, आणि एक मनुष्य जीव खाऊन दोर कापीत होता. ज्या मैदानावर आपली चूक ओळखणारा माणूस हजर आहे तेथे उतरण्यास भीती नाही, असे त्यास वाटले.

 मग साहेबाने खिशातून नकाशा काढला, विमानाच्या पंखावर पसरला आणि शाईची लेखणी मागितली. रावसाहेबांची लेखणी आणण्यास शिपाई धावला. साहेबाने जुन्नरच्या खुणेभोवती काळे वर्तुळ काढले.

"आन आमचं?" सोमाजीने विचारले. त्याचे बैल अर्धा मैल जाऊन थांबले होते आणि तो त्यांस घेऊन नुकताच परतला होता.

साहेबाने कारकुनाकडून सारी हकीकत ऐकली आणि सांगितले की, अवसरीची पेन्सिलीची खूण मी पुसणार नाही. दुसरी जागा म्हणून ती राहील.

"चालंल," सोमाजी म्हणाला. "पन नकाशात आमच्या बैलांची नावं लिवा. पाडली त्यांनी हाय, मी न्हाई."

जाण्यापूर्वी साहेबाने जलालला नवा हुकूम दिला, आणि या वेळी त्यात संदिग्ध असे काही ठेवले नाही. मैदानात गुडघ्याहून उंच काही नको, आणि उगवती-मावळतीच्या दोन्ही टोकांबाहेर दोनशे पावलांपर्यंतही नको. मग ते कोणाचेही असो. राखणदार जलाल. विमान पुन्हा उडेपर्यंत तो हे सारे पाहील.

पाहुण्यांनी चहा घेतला, पेढे घेतले, हार घालून घेतले. लोक विमानाच्या कापडी पंखाला बोट लावून पाहत होते. जलाल मात्र उगवतीच्या रेघेवर गेला आणि पावले मोजीत चालू लागला. अमिरुन्निसा त्याचा दुसरा जोडा हातात धरून मागून येत होती. "एक पाय घाला तरी," ती म्हणत होती. तो मोजण्यात चुकेल म्हणून उत्तर देत नव्हता. त्र्याऐंशीव्या पावलावर तो थांबला. समोर कडब्याची भली थोरली गंज उभी होती, आणि तिच्या सावलीत चिमाजी पाटील आपल्या गड्यांसह तंबाखू मळीत बसले होते.

"काय जलालभाई, पावणं खूश का?"

"खूश आहेत, पाटील. गंज काढायला लागेल."

"कुठली गंज?"

"ही."

पाटलांनी तंबाखूची चिमूट हातातच ठेवून गंजीकडे पाहिले, मग दूर उभ्या विमानाकडे, मग अनवाणी पायाच्या या कागद्याकडे. "वर्साची वैरन हाय ती. कवा काढायची?"

"विमान उडायच्या आत."

"म्हंजी आत्ता?"

"आत्ता," जलाल म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता गंजीवर चढून त्याने पहिली पेंढी खाली फेकली.  पाटलांनी तंबाखू तोंडात टाकली, धोतर खोचले आणि गड्यांवर ओरडले, "बसलाय काय, बघताय काय? धरा की खाली!"